सफारीची गाडी: व्हॅन, लँड क्रूझर की आणखी काही?

उंबरठा
ऑगस्टच्या शेवटी केनिया-टांझानिया ठरतंय. आम्ही सहा जण: आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे. एजंटने दोन भाव दिलेत, एक सफारी व्हॅनचा आणि एक लँड क्रूझरचा. दोन्हींतला फरक एवढा की तेवढ्यात दिवाळीची कोकण ट्रिप निघेल. तो म्हणतो, "मॅडम, सिंह दोन्हींतून सारखाच दिसतो." मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पैशाचा प्रश्न आहेच, पण सासूबाईंच्या कमरेचाही आहे. जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

टपरीवरचा
खुर्ची टाकून बसलोय. ऑइलफिल्टर काकांना कोणीतरी उठवा.

अरुशाकर
नोकरीनिमित्त टांझानियात अरुशाला राहतो, त्यामुळे या गाड्या रोज बघतो. एजंटचं म्हणणं अर्धं खरं आहे.

केनियात व्हॅन चालतात. हायएस छापाची गाडी, छत वर उचलणारं, मसाई मारा आणि अंबोसेलीच्या रानांत अशा शेकड्याने दिसतील. ऑगस्ट कोरडा असतो, मुख्य वाटांवर अडचण येत नाही. मात्र मसाई माराच्या राखीव भागाला लागून ज्या कॉन्झर्व्हन्सी (खाजगी संरक्षित रानं) आहेत, तिथे बहुतेक ठिकाणी व्हॅनला आत घेत नाहीत. तुमचा मुक्काम नेमका कुठे आहे ते आधी विचारा.

टांझानियात मात्र हा प्रश्नच उरत नाही. न्गोरोंगोरोच्या विवरात फक्त फोर व्हील ड्राइव्ह उतरू शकते. काठापासून तळ सुमारे सहाशे मीटर खाली, सेनेटोच्या बाजूने उतरायचं, लेराईच्या बाजूने चढायचं. उतरताना लो रेंज (वेग कमी, जोर जास्त) टाकून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी धरतात, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवत नाहीत.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. नकाशावर मारा आणि सेरेंगेटी एकमेकांना चिकटलेत, पण पर्यटकांना तिथून थेट पलीकडे जाता येत नाही. नमांगा किंवा इसेबानियाच्या चौकीवरून वळसा घालायचा, आणि तिथे गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही बदलतात, केनियाची गाडी टांझानियाच्या उद्यानांत फिरवत नाहीत. म्हणजे तुमच्या दोन गाड्या वेगवेगळ्याच असणार. मग दोन्ही देशांचा भाव वेगवेगळा मागा.

कमरेचं म्हणाल तर सासूबाईंना मधल्या रांगेत बसवा, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. सगळ्यात मागची सीट एक्सलच्या डोक्यावर येते, प्रत्येक खड्डा तिथे पोचतो. मुलांना मागे टाका, त्यांना तेच हवं असतं.

ऑइलफिल्टर
आलो.

आपल्याकडे मंत्र्यांच्या ताफ्यात जी लँड क्रूझर दिसते ती ही नव्हे. सफारीवाली ती ७० मालिका. १९८४ साली आली, नाकडोळे थोडे बदलले, पण गाडी अजून बनतेच आहे. ७६ म्हणजे पाच दारांची, ७८ म्हणजे लांबलचक ट्रूप कॅरिअर, ७९ म्हणजे पिकअप. तुम्ही बसाल ती बहुधा तिथल्याच एखाद्या वर्कशॉपात वाढवलेली असेल. अरुशाकर सांगतीलच, गाडी मधोमध कापतात, चासीत तुकडा जोडतात, दारांमागे आणखी एक रांग बसवतात.

आता इंजिन. १एचझेड. ४.२ लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, टर्बो नाही, कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या ताब्यातली, प्रचंड दाबाची डिझेल फवारणी) नाही, डिझेल पंप निव्वळ मेकॅनिकल. ताकद जेमतेम १३० हॉर्सपॉवर. चढावर मागचा ट्रकवाला हॉर्न मारतो. कागदावर बघाल तर हसाल. पण तिकडे आडगावात डिझेल ड्रममधून उपसून मिळतं, त्यात पाणी असतं, गाळ असतो. कॉमन रेलच्या इंजेक्टरची भोकं इतकी बारीक आणि दाब इतका प्रचंड की असं डिझेल त्याला पचत नाही. एखादा सेन्सर रुसला तर गाडी स्वतःच ताकद कमी करून घेते आणि लॅपटॉप जोडल्याशिवाय ऐकत नाही. १एचझेडला लॅपटॉप जोडायला जागाच नाही. त्याला स्वच्छ हवा, डिझेल आणि थंड पाणी मिळालं की ते चालतं, आणि बंद पडलंच तर कारण डोळ्याला दिसतं किंवा हाताला लागतं.

बाकी सगळं तसंच. शिडीची चासी, पुढे-मागे अखंड एक्सल, मागे पाटे. पाटा तुटला तर तिथला मिस्त्री (फुंडी म्हणतात त्याला) झाडाखाली बसून बदलतो. आणि बदलायला पाटा मिळतो, ही त्यातली मोठी गोष्ट. संयुक्त राष्ट्रं, मदत संस्था, सरकारी खाती, खाणी, सगळ्यांकडे हीच गाडी. त्यामुळे ऑइल सील, बेअरिंग, क्लच प्लेट तालुक्याच्या गावी सापडते. लोक म्हणतात टोयोटा मजबूत. मजबूत आहेच, पण मोडल्यावर दुपारपर्यंत पुन्हा उभी राहते म्हणून ती टिकली.

टपरीवरचा
काका, आपल्या टाटांची डिफेंडर विसरलात! लँड रोव्हर २००८ पासून आपलीच. सासऱ्यांना सांगा, देशाभिमान म्हणून डिफेंडर मागा.

(टाटांनी तर १९९८ ला 'सफारी' नावाचीच गाडी काढली, पुण्यात. सफारीला सोडून सगळीकडे गेली.)

ऑइलफिल्टर
टपरी, तुझ्या गमतीतही थोडं तथ्य आहे म्हणून उत्तर देतो.

आफ्रिकेच्या रानात आधी लँड रोव्हरच होती. १९४८ च्या एप्रिलअखेर ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती म्हणून अंगाला ॲल्युमिनियमचे पत्रे. पूर्व आफ्रिकेत आणि दक्षिणेकडच्या बऱ्याच भागात तेव्हा इंग्रजांचं राज्य, त्यामुळे वनखातं, पोलीस, शिकारी, सगळे तिच्यातच. मग टोयोटा आली. जुन्या लँड रोव्हरच्या मागच्या एक्सलचे हाफ शाफ्ट तुटायचे आणि ब्रिटनहून सुटे भाग वेळेवर येत नव्हते. "रानात जायचं असेल तर लँड रोव्हर घ्या, परत यायचं असेल तर लँड क्रूझर" हे तिकडचं वाक्य त्याच काळातलं असावं.

तरी एक मान्य करतो. १९८३ च्या वन टेन मॉडेलपासून (पुढे तीच डिफेंडर झाली) लँड रोव्हरला चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आले आणि बसायला ती लँड क्रूझरपेक्षा मऊ झाली. उंबरठा ताई, कमरेसाठी जुनी डिफेंडर मिळाली तर नाही म्हणू नका. पण ती जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली. २०२० ची नवी डिफेंडर स्लोव्हाकियात बनते, आणि तिला वेगळी चासीच नाही, बॉडी हीच चासी. ती उत्तम गाडी आहे, पाण्यात उतरते, डोंगर चढते. पण लॉजवाले जुन्या डिफेंडरचं छत कापायचे, दारं काढायचे, मागे चढत्या उंचीच्या सीटांच्या रांगा वेल्ड करायचे. खाली चासी भार घ्यायची, वरचं कापलं तरी चालायचं. नवीला तसं कापलं तर ताकदच कापली जाते. म्हणून त्यांच्यापैकी बरेच जण लँड क्रूझर ७९ पिकअपकडे वळले. तिला कापायचीही गरज नाही, मागच्या हौद्यात सीटांचा सांगाडा बसवला की झालं.

किलबिल
ही माहिती मस्त. पण मग पूर्व आफ्रिकेत बंद गाडी आणि दक्षिणेत उघडी, असं का? फोटो काढणाऱ्यांना उघडी केव्हाही बरी.

दक्षिणायन
जोहान्सबर्गहून लिहितोय.

ती गाडी रात्री कुठे मुक्कामाला असते यावर सगळं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँडमध्ये किंवा बोट्स्वानातल्या ओकावांगोमध्ये पाहुणा छोट्या विमानाने येतो, धावपट्टीवर उतरतो, तिथून लॉजची गाडी त्याला घेते. ती गाडी आयुष्यभर त्याच रानात फिरते, हायवे तिने पाहिलेलाच नसतो. मग छत कशाला, काच कशाला? साबी सँडमध्ये तर पुढे डाव्या बाजूला बॉनेटवर माग काढणाऱ्याची खुर्ची असते.

केनिया-टांझानियात पाहुणा नैरोबीत किंवा अरुशात गाडीत बसतो आणि तीच गाडी त्याला ट्रक, धूळ, गावं, चौक्या पार करत आठवडाभर नेते. त्याला दारं, काचा, सीटबेल्ट लागतातच. उद्यानात शिरलं की छत वर उचलायचं आणि उभं राहायचं. किलबिल, उभं राहून चारही दिशांना बघता येतं, तेही काही कमी नाही. उघड्या गाडीत उभं राहायला मनाई असते. बसलेली माणसं आणि गाडी मिळून प्राण्याला एकच आकार दिसतो, कोणी उठलं की तो आकार मोडतो.

आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात तुम्ही साधी भाड्याची सेदान घेऊन स्वतः फिरू शकता. डांबरी रस्ते आहेत, वेगमर्यादा ५०, कच्च्यावर ४०. रस्ता सोडायचा नाही, गाडीतून उतरायचं नाही. सफारी म्हटलं की फोर बाय फोर पाहिजेच असं नाही.

काळीमाती
एक विचारू का? माराबद्दल वाचताना 'ब्लॅक कॉटन सॉइल' असं सारखं येतं. ती आपलीच का? आमच्याकडे परभणीत पाऊस झाला की वापसा येईपर्यंत रानात बैल घालत नाहीत. तिथे अडीच-तीन टनाची गाडी कशी घालतात?

अरुशाकर
भाऊ, अगदी मुद्द्याचं विचारलंत. तीच जात. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. आणि उत्तर असं की शहाणा ड्रायव्हर घालत नाही. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबर-डिसेंबरात छोटा. तेव्हा माराच्या आतल्या वाटांवर लँड क्रूझरसुद्धा रुतून बसते. तुम्हाला माहीतच आहे, चिखल टायरच्या खाचांत भरला की टायर गुळगुळीत. मग चारही चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय. डिफरन्शियल लॉक असला तर चारही चाकं एकसारखी घसरतात, एवढाच फरक.

बाहेर काढायचं शास्त्रही वेगळं. हाय-लिफ्ट जॅक तसाच लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो, म्हणून बुडाला जाड फळी लागते. विंच असला तरी दोर बांधायला त्या माळावर झाड कुठाय? मग स्टेपनी जमिनीत पुरतात आणि तिला दोर बांधतात. बहुतेक वेळा मात्र रेडिओवरून दुसऱ्या गाडीला हाक मारतात. सफारीच्या गाडीतलं सगळ्यात उपयोगी यंत्र विचाराल तर मी रेडिओ म्हणेन. सिंह सापडतो त्याच्यावर आणि सुटकाही होते त्याच्यावर.

काळीमाती
म्हणजे वापसा तिथेही बघावा लागतो. पटलं.

दक्षिणायन
चिखलाचं झालं, आता वाळूचं. बोट्स्वानाला स्वतः गाडी चालवत जाणारे मराठी ग्रुप हल्ली वाढलेत आणि तिथे गाडीपेक्षा ज्ञान कमी पडतं. छतावर तंबू लावलेली हायलक्स किंवा लँड क्रूझर भाड्याने मिळते. स्टिअरिंग उजवीकडे, रस्त्याची बाजू डावी, आपल्यासारखीच, म्हणून लोकांना वाटतं जमेल.

मोरेमी, सावुती, चोबे हा सगळा पट्टा खोल वाळूचा. पहिलं काम टायरची हवा कमी करणं. डांबरावर ३२-३५ असेल तर वाळूत २० च्या आसपास. टायर पसरतो, जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, गाडी वाळूत बुडण्याऐवजी वर तरंगते. हे न करता लोक फोर व्हील टाकतात, रेस देतात आणि चासीपर्यंत गाडून घेतात. आणि वाळू संपली की हवा परत भरायची, कॉम्प्रेसर बरोबर पाहिजे. कमी हवेवर वेगाने गेलं की टायरची कड तापते आणि फाटते.

दुसरं, कुसळं. हे कोणी सांगत नाही. पावसाळ्यानंतर वाटेच्या दोन चाकोऱ्यांमध्ये कमरेएवढं गवत उभं असतं. गाडी त्यावरून जाते, कुसळं रेडिएटरच्या जाळीत भरतात आणि इंजिन तापतं. त्याहून वाईट म्हणजे वाळलेलं गवत गाडीखाली सायलेन्सरच्या पाइपाभोवती गुंडाळलं जातं आणि पेटतं. गाड्या जळून सांगाडे झालेत अशाने. पुढे बारीक जाळी लावायची, आणि दर थोड्या वेळाने उतरून, आधी आजूबाजूला सिंह नाही ना ते बघून, खाली वाकून गवत उपसायचं. काकांच्या बाजूने एक मुद्दा: नव्या डिझेल गाड्यांचा धूर गाळणारा फिल्टर स्वतःला साफ करताना प्रचंड तापतो, तो त्या गवतात नको असतो.

तिसरं, मौन गावाहून सावुतीमार्गे कसाने गावाला निघालात तर मध्ये एकही पंप नाही. अंतर फार नाही, पण वाळूत लो गिअरमध्ये डिझेल दुप्पट खातं. ७८ ला दोन टाक्या मिळून १८० लिटर मावतात ते उगाच नाही.

पाण्याचं थोडक्यात. ख्वाईसारखा ओढा आडवा आला की आपल्याकडे आधी पायी उतरून खोली बघतात. तिथे मगर आणि हिप्पो असतात, कोणी उतरत नाही. ताज्या चाकोऱ्या बघायच्या, दुसरी गाडी येईपर्यंत थांबायचं. स्नॉर्केल (इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारा पाइप) लावला म्हणजे गाडी पाणबुडी होत नाही. कोरड्यात त्याचा खरा उपयोग धुळीच्या वरची हवा इंजिनाला मिळावी हा.

टपरीवरचा
आणि नामिबिया? मेव्हणा जिमनी घेऊन जायचं म्हणतोय.

दक्षिणायन
जिमनी चालते. नामिबियाचे मुख्य कच्चे रस्ते रुंद आणि बऱ्यापैकी राखलेले असतात, फोर व्हील लागतेच असं नाही. त्रास वेगळा आहे. खडीवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात. हळू गेलं तर दात वाजतात, साठ-सत्तरने गेलं की गाडी लाटांच्या माथ्यांवरून गुळगुळीत जाते आणि चालवणाऱ्याला वाटतं सगळं छान चाललंय. तेव्हा चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली असतात. वळण आलं किंवा कुडू (मोठं हरीण) आडवा आला की गाडी उलटते. भाड्याने देणारे वेगाची मर्यादा घालतात, ती पाळा म्हणावं मेव्हण्याला.

जिप्सीवाला
जिमनीचा विषय निघाला म्हणून आलो. ताडोबा-पेंचच्या आमच्या जिप्सीला या धाग्यात कोणी विचारलंच नाही! १.३ लिटर पेट्रोल, ८० हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आतबाहेर. लँड क्रूझर जिथे रुतेल तिथून हलकी जिप्सी निघून येते, आणि रुतलीच तर चार माणसं ढकलतात. सर्वसामान्यांसाठी २०१९ मध्ये बंद झाली, तरी जंगलात अजून तिच्याशिवाय पान हलत नाही. आफ्रिकेत का नाही चालली?

(जाता जाता: दक्षिण आफ्रिकेत विकली जाणारी पाच दारांची जिमनी गुरुग्रामहून जाते, आणि महिंद्राच्या पिकअप डर्बनमध्ये २०१८ पासून जोडल्या जातात. टाटांशिवायही आपलं कोणीतरी तिकडे आहे.)

ऑइलफिल्टर
जिप्सी सकाळी गेटमधून आत जाते, साडेतीन-चार तासांत बाहेर येते, आणि मिस्त्री गेटवरच चहा पीत असतो. तिच्यावर सहा माणसं, आठवड्याचं सामान, पाणी, दोन स्टेपन्या, फ्रिज आणि टाकीभर जास्तीचं इंधन लादा, अरुशाहून सेरेंगेटीला पाठवा, मग बोलू. गाडी म्हणून माझी लाडकी आहे, पण काम वेगळं.

उंबरठा
बाप रे, किती माहिती! सगळ्यांचे आभार. एजंटला दोन्ही देशांचे वेगळे भाव मागितलेत. तोवर सासऱ्यांनी हा धागा वाचला आणि आता त्यांना हत्तीची काळजी लागलीय. झांबियात गाडी उलटवल्याची बातमी त्यांनी कुठूनतरी शोधून काढली.

दक्षिणायन
ती बातमी खरी आहे. मार्च २०२४, काफुए उद्यान. हत्ती गाडीच्या मागे लागला, जमीन अशी होती की गाडीला पुढे निसटायला वाट सापडली नाही, आणि त्याने गाडी उलटवली. एक अमेरिकन प्रवासी बाई दगावल्या. अशा घटना क्वचित होतात, पण लँड क्रूझर असो की रणगाडा, पाच-सहा टनाच्या नर हत्तीपुढे गाडीचं वजन काहीच नाही. चांगला गाइड जनावराजवळ थांबताना गाडीचं तोंड मोकळ्या वाटेकडे ठेवतो आणि हत्तीने कान पसरायच्या आधी निघतो. सासऱ्यांना सांगा, गाडीपेक्षा गाइडची चौकशी जास्त करा. किती वर्षं त्याच उद्यानात आहे, हा प्रश्न विचारायला काही पैसे पडत नाहीत.

अरुशाकर
+१. आणि गाइडला "अजून जवळ घ्या" असा आग्रह करू नका. माराच्या राखीव भागात वाट सोडून गाडी घालायला बंदी आहे, एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असा नियम आहे. तरी ऑगस्टमध्ये नदीकाठी काय गर्दी होते ते दिसेलच. टिपेच्या आशेने ड्रायव्हर नियम मोडतात, आणि टीप आपण देतो.

किलबिल
गर्दीचा, धुराचा विषय निघालाच आहे तर, काका, तुमचं १एचझेड कितीही गुणी असलं तरी ते खडखडतं किती! इंजिन चालू असेल तर लांब लेन्सने फोटो हलतो. बंद करून पुन्हा चालू केलं की चित्ता मान वळवतो. इलेक्ट्रिक गाड्यांचं काय? बोट्स्वानात चोबे गेम लॉजने २०१४ मध्येच इलेक्ट्रिक सफारी गाडी आणली. नैरोबीच्या ऑपिबस कंपनीने, आता तिचं नाव रोम आहे, जुन्या लँड क्रूझरचं डिझेल इंजिन काढून तिथे मोटर आणि बॅटरी बसवून दिली. पक्ष्यांचे आवाज ऐकत बसता येतं. आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो, वाळूत क्लच जाळायला नको.

ऑइलफिल्टर
आणि ती बंद पडली की? लॅपटॉप.

किलबिल
मोटरमध्ये हलणारे भाग किती कमी! ना डिझेल फिल्टर, ना इंजेक्टर, ना ड्रममधलं पाणी. तुमच्याच कसोटीवर मोजा. चासी, एक्सल, पाटे तर तेच जुने राहतात, फुंडीला ते येतातच.

दक्षिणायन
लॉजच्या गाड्यांना हे छान बसतं. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक, दोन्ही मिळून अंतर बेताचं. दुपारी गाडी झाडाखाली उभी असते आणि नेमकी तेव्हाच सौर पॅनेलवर कडक ऊन. डिझेल मात्र तिथे ट्रकने किंवा होडीने आणावं लागतं, त्याचा भाव विचारू नका.

ऑइलफिल्टर
लॉजचं मान्य. अरुशा ते सेरेंगेटीतलं सेरोनेरा सांगा. तीनशेहून जास्त किलोमीटर, मध्ये न्गोरोंगोरोचा चढ, सात माणसं, छतावर सामान. चार्जर कुठे लावणार?

किलबिल
आज नाही लावता येणार. जी गाडी रानातच मुक्काम करते तिच्याबद्दल मी बोलतेय.

अरुशाकर
इथल्या वर्कशॉपात अजून तरी रांग लागलीय ती चासी लांब करून घ्यायला. गेल्या महिन्यात शेजारच्या शेडमध्ये एक ७९ मधोमध कापून ठेवलेली पाहिली, अजून तशीच आहे, पत्रा आला नाही म्हणतात.